आपोआप शिजणारा घेवडा

लिफ्टवाल्यानं सासऱ्यांच्या खुर्चीसमोरचा वाडगा उचलला, तेव्हा सुपावर जाड साय धरली होती आणि चमचा कोरडा ठणठणीत होता. कालपासूनचा हा कितवा वाडगा, हे मोजणं त्यानं सोडून दिलं होतं. मोजून काय वाडगे रिकामे होतात? तो मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेला, सूप परत पातेल्यात ओतलं आणि ओट्याला टेकून उभा राहिला. दिवसभर लोकांच्या बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करून आलेल्या माणसाला, घरात तरी एखादी गोष्ट आपली आपण चालावी असं वाटत होतं.

"घोटभर तरी घ्यायचं होतं, बाबा!" त्यानं तिथूनच आवाज दिला.

"भूक नाही मला. कितीदा सांगू, जावईबापू?"

सासरे आयुष्यभर पाववाले. भल्या पहाटे भट्टी पेटवायची आणि दुपारपर्यंत तिच्यापुढून हलायचं नाही, हा त्यांचा जन्माचा धंदा. सासूबाई गेल्या, पाठोपाठ दुकान दुसऱ्याच्या हवाली केलं, आणि म्हातारबुवा लेकीकडे येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. दुखणं म्हणाल तर काही नव्हतं. खाणं तेवढं सुटलं होतं. गळ्याखालची कातडी लोंबायला लागली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सकाळी येऊन तपासलं आणि जावयाला दारापाशी घेऊन सांगितलं, "परवा सकाळी येते मी. तोवर पोटात काही गेलेलं दिसलं नाही, तर सरळ रुग्णालयात हलवू. नळीनं भरवतील तिथं."

हळू आवाजात सांगितलं होतं, पण म्हाताऱ्याचे कान अजून तिखट होते. सासूबाई त्याच रुग्णालयात 'दोन दिवसांचं काम' म्हणून गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकल्यापासून म्हातारबुवांनी खिडकीकडे जे तोंड केलं ते फिरवलंच नाही. सासरा असला म्हणून काय झालं, आवडायचा लिफ्टवाल्याला तो खडूस म्हातारा.

त्यातून बायको घरात नाही. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"खाल्लं का हो बाबांनी?"

"नाही."

"काहीच नाही?"

"एक सुस्कारा टाकला. तेवढाच."

मग बायको म्हणाली, "असं करा. रविवारी पाहुण्यांसाठी हॅम केला होता ना, त्याचं हाडूक ठेवलंय मी फ्रीजरमध्ये. मांस लागलंय त्याला बरंच. पांढरा घेवडा भिजत घाला आणि सकाळी हाडूक टाकून बारीक आचेवर ठेवून द्या. आई करायची तसं. वासानंच भूक लागेल त्यांना."

"मला जमेल का ते?"

"त्यात जमायचंय काय? आपोआप शिजतं. ढुंकून बघावं लागत नाही."

"घेवडा कुठं आहे?"

"बरणीत. फळीवर. थांबा, धाकटी हाक मारतेय, ठेवते!"

आता स्वयंपाकघरात फळ्या दोन होत्या. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी हाताशी असलेली खालची फळी बघितली असती. पण हा पडला लिफ्टवाला. लिफ्टच्या विहिरीत उभं राहून मान वर करून बघण्यात ज्याची हयात गेली, त्याची नजर खाली जाईल कशाला? त्यानं वर बघितलं. वरच्या फळीच्या टोकाला एक जाड काचेची बरणी होती आणि तिच्यात काठोकाठ घेवडा. स्टूल घेऊन त्यानं ती उतरवली. दाणे जरा तांबूस, चकचकीत आणि वजनाला भारी होते. चांगला महागातला दिसतो, असं मनाशी म्हणत त्यानं बरणी भांड्यात उपडी केली आणि वरून पाणी ओतलं. दाणे भांड्यात पडताना छर्र्‌ असा आवाज झाला. त्या आवाजानं शहाण्या माणसाला शंका आली असती, पण शहाणपणाला थोडी विश्रांतीही लागते.

सकाळी उठून बघतो, तर पाणी होतं तेवढंच आणि दाणे होते तसेच. रात्रभर पाण्यात राहून एकालाही ओल लागली नव्हती. त्यानं एक दाणा दातांखाली घेतला आणि लगेच गाल धरला.

"शिजेल, शिजेल," तो स्वतःलाच म्हणाला. कामावर रजा टाकली, पातेलं शेगडीवर चढवलं, हाडूक आत सोडलं. हाडकाचा दांडा पातेल्याच्या बाहेर वीतभर उभा राहिला. मग तो बाहेर येऊन सासऱ्यांच्या शेजारी बसला आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

"काय जळतंय?" म्हाताऱ्यानं खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

लिफ्टवाला दचकून उठला. "काही जळत नाही, बाबा. घेवडा शिजतोय. हाडूक घालून."

"हं," म्हातारा म्हणाला. बस, एवढंच.

दुपार झाली. पाणी आटलं, पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. डाव फिरवला की पातेल्यात खडीच्या ट्रकसारखा खडखडाट व्हायचा. बायकोला फोन लावला, तर ती उचलेना. तेवढ्यात समोरची शिंपीण वासाच्या मागावर आली. गळ्यात माप घ्यायची फीत, ओठांत दोन टाचण्या.

"काय शिजवताय, भावजी?" टाचण्या काढून तिनं विचारलं.

"शिजवतोय कुठला, वहिनी! सकाळपासून उकळतोय, पण एक दाणा दबेल तर शपथ."

तिनं एक दाणा काढला, बोटांत दाबला, दातांत धरला, मग ओट्यावर ठेवून वरून डाव मारला. दाणा टुणकन उडून खिडकीच्या काचेवर आपटला.

"अगं बाई! घेवड्यात एखाद-दुसरा गणंग असतोच हो. पण इथं सगळी जमातच गणंग! सोडा घाला चिमूटभर. आणि झाकण लावा की वर. उघड्या पातेल्यात शिजणार कसं?"

"हाडूक वर येतंय ना. झाकण बसत नाही."

"मग कापा ते!" असं सांगून ती निघून गेली. सल्ला देणाऱ्याचं बरं असतं, त्याला पातेलं घासावं लागत नाही.

लिफ्टवाल्याकडे लोखंड कापायची करवत होती. हत्यारांच्या पेटीतून काढली, वंगण पुसलं, गरम हाडूक फडक्यात धरून ओट्यावर टेकवलं आणि कापायला सुरुवात केली. कर्र कर्र असा काही आवाज घुमायला लागला, की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला झाडूचा दांडा आपटला.

"जावईबापू! घरात खिडकीचे गज कापताय की काय?"

"हाडूक कापतोय, बाबा!"

"हाडूक?" म्हाताऱ्याची मान पहिल्यांदाच खिडकीपासून थोडी इकडे वळली. "कशाला?"

"झाकण बसेना म्हणून!"

"मग मोठं पातेलं नाही का घ्यायचं?"

मोठं पातेलं. लिफ्टवाल्यानं समोर बघितलं. चांगलं टोपलीएवढं मोठं पातेलं भिंतीला टांगलेलं होतं, डोळ्यांसमोर. पण हाडूक तोवर दोन तुकडे होऊन बसलं होतं. त्यानं ते तुकडे पातेल्यात टाकले आणि सोड्याचा डबा घेतला. एवढ्या निगरगट्ट दाण्यांना चिमूटभर सोड्यानं काय होणार, म्हणून त्यानं चांगले दोन चमचे भरून घातले आणि झाकण लावलं.

क्षणभर शांतता. मग झाकण आपोआप वर उचललं गेलं. या घेवड्याच्या बाबतीत आपोआप झालेली ही पहिलीच गोष्ट. पिवळसर फेस चहूबाजूंनी उसळला, शेगडीवर आला, जाळ फस्‌ करून विझला, आणि फेस ओट्यावरून ओघळत लिफ्टवाल्याच्या चपलांपर्यंत पोचला.

"आता साबण शिजवताय का?" बाहेरून आवाज आला. "वास येतोय साबणाचा!"

"सोडा जरा जास्त झाला, बाबा!"

"सोडा? हाडकात सोडा?" खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला. लिफ्टवाल्यानं डोकावून बघितलं, तर म्हाताऱ्यानं खुर्ची खिडकीपासून फिरवून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून घेतली होती. डोळे मात्र कडू. "कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. बायको असेल म्हणून झडप घातली, तर त्याच्या कचेरीतली बाई.

"रजा आहे माहितीये मला," ती म्हणाली, "पण टपाल कचेरीच्या लिफ्टमध्ये एक बाई अडकल्यात, आणि दुसरा माणूस गावात नाही. अर्ध्या तासात घरी परत पोचाल."

लिफ्टवाल्यानं कपाळाला हात लावला. अंगात त्राण नव्हतं, पण शेगडी पुन्हा पेटवली आणि पेटी उचलली. सासऱ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "बाबा, एवढं निकडीचं काम आलंय. उठू नका तुम्ही. नुसतं इथून लक्ष ठेवा. जाळ विझला तर बटण बंद करा, बस."

"मी कशाला उठतोय?" म्हातारा म्हणाला. "माझ्यात जीव आहे का उठायचा?"

टपाल कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकली होती. लिफ्टवाला वरच्या दाराशी पालथा पडून पाना फिरवायला लागला. आतून बाईंचा आवाज आला.

"अहो, किती वेळ? गुदमरतेय मी इथं!"

"झालंच, बाई. बोलत राहा म्हणजे जीव घाबरणार नाही." आणि मग त्याच्यानं राहवेना. "बाई, तुम्ही घरी स्वयंपाक करता का हो?"

"काय?"

"नाही म्हणजे, घेवडा सकाळपासून उकळतोय, पण शिजतच नाही. काय करावं?"

"आधी मला बाहेर काढा हो!"

"काढतोच आहे. हात चालू आहेत माझे. पण म्हातारा सासरा उपाशी आहे घरी. उद्या त्यांना रुग्णालयात नेतील."

मग बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज जरा मऊ होता, "किती जुना आहे घेवडा?"

"काय माहीत. बरणीत होता."

"बरणी कुठं होती?"

"वरच्या फळीवर. अगदी टोकाला."

"अहो, रोज खायची वस्तू वरच्या फळीवर टोकाला कोण ठेवतं? बायकोला विचारलंत का, कसला घेवडा आहे तो?"

लिफ्टवाल्याचा पाना हातात थांबला. मग त्यानं इतक्या जोरात फिरवला, की लिफ्ट एक गचका देऊन वर आली, दार उघडलं, आणि बाई बाहेर पडायच्या आत तो पेटी घेऊन जिन्याच्या निम्म्यावर पोचला होता.

घराचं दार उघडलं. समोर खुर्ची रिकामी.

तो "बाबा!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून डावाचा खणखणाट ऐकू आला.

म्हातारबुवा शेगडीसमोर उभे होते. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर. भिंतीवरचं मोठं पातेलं शेगडीवर, त्यात नवं पाणी, कांदा, गाजर, मिरी आणि धुऊन घेतलेलं हाडूक. ओट्यावर चाळणीत सगळा घेवडा निथळत ठेवलेला.

"या," म्हातारा वळून म्हणाला. रागानं त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. "हे दाणे कुणी घातले यात?"

"मी," लिफ्टवाला म्हणाला. लपवायला जागाच नव्हती.

"माझ्या दुकानाचे दाणे आहेत हे! फळं भरायच्या टार्टच्या रिकाम्या पाऱ्या भट्टीत फुगू नयेत म्हणून वर ठेवायचो मी. वजन म्हणून! दुकान काढलं तेव्हापासून भाजले गेलेत ते, रोजच्या रोज. दगड शिजेल हो, हे शिजायचे नाहीत. आठवण म्हणून पोरीकडे दिले, आणि तुम्ही त्यांची आमटी करायला निघालात!"

"चुकलं, बाबा."

"आणि त्या रश्श्याची काय दशा केली होतीत! मोरीत ओतून दिला. हाडकाला चव आहे चांगली, पण लक्ष कोण देणार?" असं म्हणत म्हाताऱ्यानं पावाच्या लादीचा एक कोपरा तोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात टाकला, चघळत वर बघितलं आणि म्हणाला, "मीठ कमी."

लिफ्टवाल्यानं मिठाचा डबा पुढं केला.

म्हाताऱ्यानं चिमूटभर मीठ टाकलं. पुन्हा पाव तोडला, या वेळी मोठा. बुडवला, खाल्ला. हाडकाला लागलेलं मांस डावानं सोडवलं, एक तुकडा बोटांनी उचलून जिभेवर ठेवला. "हं. अजून दहा मिनिटं." दुसरा तुकडा उचलला, पहिल्याची खात्री करायला.

आणि तेव्हा लिफ्टवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाला ताट मांडून, मांडी घालून, शांतपणे जेवताना कधी कुणी पाहिलं होतं? लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते आचाऱ्याच्या मागे उभे असायचे. जन्मभर भट्टीपुढं उभं राहून, इकडची चव घे, तिकडचा तुकडा मोड, असंच यांचं पोट भरत आलं. आणि आपण शहाणे, त्यांना खुर्चीत बसवून, मांडीवर वाडगा देऊन, समोर उभे राहून आग्रह करत होतो. त्याला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

तेवढ्यात दारात शिंपीण आली. "अय्या, बाबा खाता—"

लिफ्टवाल्यानं सासऱ्यांच्या पाठीमागून दोन्ही हात असे काही हलवले, की तिनं उरलेलं वाक्य जवळजवळ टाचण्यांसकट गिळलं. तो दबक्या पावलांनी पुढं झाला. डाव घेऊन एक घोट घेतला. रस्सा अमृतासारखा होता. इतक्या दिवसांच्या थकव्यानंतर तो गरम घोट पोटात उतरला, तेव्हा तिथंच फरशीवर बसकण मारावी असं त्याला वाटलं. पण त्यानं तोंड वाकडं केलं.

"आंबट लागतंय का हो, बाबा, जरासं?"

"आंबट?" म्हाताऱ्यानं डाव हिसकावून घेतला. पावाचा मोठा तुकडा बुडवला आणि सावकाश चावला. "काय आंबट आहे? जिभेला गंज चढलाय तुमच्या."

"मग मांस कच्चं असेल. खालच्या बाजूचं."

"कच्चं!" म्हाताऱ्यानं खालच्या बाजूचं सगळं मांस सोडवलं आणि त्यातलं निम्मं खाऊन दाखवलं. "हे कच्चं? बाई, तुम्ही सांगा."

शिंपीण हुशार. तिनं एक तुकडा चाखला आणि मान तिरकी केली. "मला बाई मिरी जास्त वाटते. पण मला काय कळतंय? गाजराबरोबर खाऊन बघा ना तुम्ही."

म्हाताऱ्यानं गाजराबरोबर खाऊन बघितलं. मग कांद्याबरोबर बघितलं. मग रस्सा पावाशिवाय कसा लागतो ते वाटीभर पिऊन बघितलं, कारण त्याचं म्हणणं, पावानं चव झाकते. लिफ्टवाला दर वेळी नवी खोट काढत होता. खोटं बोलून बोलून त्याची जीभ थकली, पाय तर कधीच थकले होते, पण तो ओट्याला धरून उभा राहिला. दोन्ही पातेल्यांचं घासकाम डोळ्यांसमोर दिसत होतं, फरशीवर फेस वाळत होता, आणि तरी तो म्हणत होता, "शेवटचा घोट तेवढा कडवट वाटला, बाबा."

पातेल्याचा तळ दिसायला लागला, तेव्हा म्हाताऱ्यानं डाव खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"आता झालंय बरोबर," तो समाधानानं म्हणाला. "जमलंय. आता वाढा कुणाला वाढायचं ते."

मग तो बाह्या खाली करून खुर्चीत जाऊन बसला. लिफ्टवाल्यानं तळाचा उरलासुरला रस्सा वाडग्यात काढला आणि समोर नेऊन धरला. सवय, दुसरं काय!

"भूक नाही मला," म्हातारा म्हणाला. "कितीदा सांगू, जावईबापू?"

"नाही तर नाही," लिफ्टवाला म्हणाला आणि तो वाडगा तिथंच उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. आवाज आनंदी आणि दमलेला. बहिणीला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप.

"आणि बाबा? खाल्लं का त्यांनी?"

"विचारलं की नाही म्हणतात."

"अगं आई गं! मग उद्या डॉक्टरीणबाई..."

"येऊ दे त्यांना. पातेलं रिकामं आहे, पावाची लादी संपलीये, आणि बाबा खुर्चीत ढेकर देऊन झोपलेत. मघाशी झोपेत म्हणत होते, पाव शिळा होता म्हणून."

पलीकडे बायको हसली, मग रडली, मग नाक ओढलं. "आईसारखा झाला वाटतं घेवडा?"

"तसं म्हणता येणार नाही," लिफ्टवाला म्हणाला.

"बरं, परवा येतेय मी. आता तुम्ही काही करू नका, फार दमलात तुम्ही. मी आल्यावर बाबांना रोज साग्रसंगीत करून घालीन. सांगा, काय करू?"

लिफ्टवाल्यानं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"काहीही कर गं," तो म्हणाला. "फक्त नीट करू नकोस."